शेंग भरायच्या आधी

२० मे २०१९. सकाळचे साडेसहा. वाशिममध्ये एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला, आम्ही चार पोट्टे एका मोबाइलसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. मोबाइल विटेला टेकवून उभा केलेला. आदल्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल येऊन गेले होते. पाटणी चौकातल्या टपऱ्यांवर दिल्लीत कोण बसणार याचा हिशेब चालू होता, आणि आम्हाला भलत्याच सिंहासनाची पडली होती.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग होता तो. आठव्या सीझनचा सहावा, सगळे मिळून ७३ वा. अमेरिकेत रविवारी रात्री लागायचा त्याच वेळी आपल्याकडे सोमवारी सकाळी हॉटस्टारवर यायचा. त्याचे महिन्याचे १९९ रुपये आम्ही चौघांत वाटून घेतले होते. पन्नास-पन्नास काढले की एक रुपया उरायचा. तो कुणाचा यावर आमचं कधी एकमत झालं नाही. एका रुपयावर ज्यांचं जमत नव्हतं, त्यांचं त्या शेवटावर काय जमणार होतं!

(ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी जरा सांभाळून वाचा. इतकी वर्षं झाली, आता कसला आलाय स्पॉयलर. पण नंतर शिव्या नकोत.)

आम्ही चौघंही स्पर्धा परीक्षावाले. खाली अभ्यासिका, वर खोली. अभ्यासिकेला महिना पाचशे रुपये, पत्र्याचं छत, दोन कूलर. कूलरमध्ये पाणी कुणी घालायचं यावर रोज भांडण. एक रिसोडवाला होता. एक 'पाहुणा' होता, जो कुणाकडे तरी दोन दिवसांसाठी आला आणि आठ महिने राहिला. एक मी, मंगरूळपीर तालुक्यातला, तयारीचं दुसरं वर्ष. आणि चौथा सॅम.

सॅम हे नाव आम्हीच ठेवलेलं. जाडा, चश्मा, नाक सतत पुस्तकात. मालिकेतल्या सॅमवेल टार्लीसारखा. त्यालाही ते नाव आवडायचं. मालिकेत तो सॅम मरत नाही ना, म्हणून. गाव मानोरा तालुक्यात, घरी आठ एकर कोरडवाहू. तो आधी दोन वर्षं पुण्याला सदाशिव पेठेत राहून अभ्यास करत होता. पैसे संपले तसा वाशिमला आला. येताना दोन गोष्टी घेऊन आला : नोट्सनं भरलेली एक पत्र्याची पेटी, आणि पेनड्राइव्हमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चे सहा सीझन.

त्या पेनड्राइव्हनं आमचं वर्ष खाल्लं. आमचं इंग्रजी यथातथाच. सबटायटल वाचेपर्यंत माणूस मरून जायचा. मग सॅम मध्ये मध्ये थांबवून वऱ्हाडीत समजावून सांगायचा. स्टार्क म्हणजे आपल्यासारखे, थंडी-पावसात राबणारे, सरळ, म्हणूनच मरणारे. लॅनिस्टर म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले कारखानावाले. हे लोक कर्ज फेडल्याशिवाय राहत नाहीत असं त्यानं सांगितलं, तेव्हा पाहुणा शांतपणे म्हणाला, "मंग विदर्भातले नसतीन." सगळे हसलो. थोडं जास्तच हसलो.

आणि डेनेरिस. सॅमचा सगळा जीव तिच्यात. भावानं विकलेली, घर नाही, दार नाही, कुणी ओळखत नाही. तिथून एकेक पाऊल टाकत ती समुद्रापर्यंत येते. आमच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक होतं, महाराष्ट्राचा नकाशा होता, आणि त्यांच्यामध्ये सॅमनं झेरॉक्सवर काढलेलं तिचं काळंपांढरं चित्र होतं. घरमालकानं एकदा विचारलं, ही कोण? रिसोडवाला म्हणाला, "कलेक्टर मॅडम हायेत, २०१५ बॅच." मालकानं मान डोलावली.

शेवटच्या सीझनचा तिसरा भाग, मोठ्या लढाईचा, तुम्ही पाहिला असेल तर तो किती अंधारा होता हे तुम्हाला आठवत असेल. मोठमोठ्या टीव्हीवर बघणाऱ्यांनीही तेव्हा काही दिसत नाही म्हणून बोंब मारली होती. आम्ही तो एप्रिलच्या शेवटी, उजाडलेल्या गच्चीवर, मोबाइलवर पाहत होतो. काळा पडदा आणि त्यात आमचेच चार चेहरे. शेवटी चौघांनी डोक्यावरून एक चादर ओढून घेतली. वर ऊन, आत चार जणांचा घाम, आणि मोबाइलमध्ये बर्फ. दीड तासानं चादर काढली तेव्हा शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या काकू आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

पाचव्या भागात डेनेरिसनं शहर जाळलं. शहर शरण आलेलं, घंटा वाजतायत, आणि ती ड्रॅगनवर बसून गल्ल्या जाळत सुटली. तेव्हा सॅम काही बोलला नाही. म्हणाला, अजून एक भाग आहे, थांबा.

तर तो भाग त्या दिवशी होता. जॉननं डेनेरिसला मारलं. ड्रॅगननं सिंहासन वितळवून टाकलं. मग उरलेले सरदार बसले आणि राजा कुणाला करायचं यावर खल झाला. तिथं सॅमवेल टार्ली उठून म्हणतो की राजा सगळ्या लोकांनीच का निवडू नये? त्यावर सगळे सरदार खो खो हसतात. आमच्या खोलीतले तिघं वळून आमच्या सॅमकडे बघायला लागले. तोही हसला. त्या दिवशी तो हसला ते तेवढंच. शेवटी ब्रॅनला राजा केलं, सान्सा उत्तरेची राणी झाली, आर्या जहाज घेऊन नकाशापलीकडे निघून गेली, जॉनला पुन्हा भिंतीकडे धाडलं. आठ वाजत आले होते. गच्ची तापली होती. संपलं.

खाली उतरून टपरीवर गेलो, आणि जे सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. दुपारी अभ्यासिकेत चिठ्ठ्यांवर चाललं. रात्री पुन्हा गच्चीवर.

माझं म्हणणं, शेवट बरोबर आहे, फक्त घाई झाली. तेव्हा जगभरात निम्मे लोक हेच म्हणत होते, हे मला नंतर कळलं. मी मुद्दे काढले. डेनेरिस आधीपासून तशीच होती. मीरीनमध्ये १६३ मालकांना तिनं खांबांवर ठोकलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. सॅमच्या, म्हणजे मालिकेतल्या सॅमच्या, बापाला आणि भावाला तिनं जिवंत जाळलं. बाप वेडा राजा. सगळं समोर होतं, आपणच पाहिलं नाही.

सॅमनं चहाचा कप खाली ठेवला.

"घाई झाली म्हणजेच चुकलं ना बे. पेरलं होतं, मान्य. पन शेंग भरायच्या आधी सोंगून टाकलं, अन् आता म्हणतात वाणच तसं होतं."

हा मुद्दा शेतकऱ्याच्या पोराला तोडता येत नाही. पहिले सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे. सातवा सात भागांचा, आठवा सहाचा. जॉर्ज मार्टिन यांचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं, त्याच वर्षी मालिका सुरू झाली. सहावं पुस्तक आलंच नाही, आणि मालिका पुस्तकाच्या पुढे निघून गेली. जिथवर पुस्तक होतं तिथवर माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जायला अर्धा सीझन घ्यायचा आणि त्या वाटेवर बदलायचा. शेवटी शेवटी सगळे एका भागात कुठूनही कुठे पोचायला लागले. वाटच उरली नाही, तर माणूस बदलणार कुठे? हे मला आज नीट सांगता येतंय. त्या दिवशी मी टपरीवर बोटं मोजून मुद्दे सांगत होतो.

रिसोडवाल्याला ब्रॅनचा राग होता. "अख्खा एक सीझन दिसला नाही पोट्टा, अन् राजा झाला. हे म्हणजे हजेरी शून्य अन् मेरिट लिस्टमधी पहिला." पाहुण्याला जेमी विटांखाली मेला हे पटलं नव्हतं. तिकडे अमेरिकेत कुणीतरी ऑनलाइन अर्ज टाकला होता, की आठवा सीझन नव्यानं, नीट लिहिणाऱ्यांकडून लिहून घेऊन पुन्हा काढा. दहा लाखांवर लोकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. सॅमनं टपरीवर बसूनच सही केली. पाहुण्यानं विचारलं, हे काय भरतोय? सॅम म्हणाला, "दुबार पेरणीचा अर्ज."

रात्री गच्चीवर विषय पुन्हा निघाला. उकाडा होता, वीज गेली होती, आणि कुणाचंच दिवसभरात पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं, त्याचीही चिडचिड होती. सॅम म्हणत होता, की आठ वर्षं जिच्यासोबत चाललो तिला शेवटच्या दोन भागांत सांगायचं की तू पहिल्यापासून वेडीच होतीस, हे बरोबर नाही. मी म्हणालो, तुला कुठलाच शेवट पटला नसता. तो म्हणाला, का? आणि मी म्हणालो,

"कारण तुले काही संपवताच येत नाही. सहा वर्षं झाले. काय संपवलं तू?"

फेब्रुवारीत राज्यसेवेची पूर्व परीक्षा झाली होती. सॅमचं दीड मार्कानं राहिलं होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि तीन महिन्यांत कुणी त्यावर शब्द काढला नव्हता.

तो काही बोलला नाही. चश्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा लावला. मग पाहुणा म्हणाला, चला झोपा. झोपलो.

मला वाटलं होतं उद्या विसरून जाईल. विसरल्यासारखा वागलाही. २३ तारखेला निकाल लागला, तेव्हा चौघांनी मिळून हॉटेलात टीव्हीसमोर उभं राहून यवतमाळ-वाशिमच्या फेऱ्या पाहिल्या. लोकांनी राजा निवडावा म्हटल्यावर हसणारे सरदार आठवून रिसोडवाल्यानं एक जोकही केला. पण मृग लागायच्या दोन दिवस आधी सॅमनं पेटी बांधली. पेरणीला जातो म्हणाला. भिंतीवरचं चित्र काढलं नाही. पेरणी झाली, डवरणी झाली, तो आला नाही. जुलैत त्याच्या जागी दारव्ह्याचा एक मुलगा राहायला आला आणि त्यानं ते चित्र काढून टाकलं.

मी त्याला फोन केला नाही. केला असता तर काय बोलणार होतो?

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. अभ्यासिका बंद झाली आणि मी गावी आलो. दूरदर्शननं २८ मार्चपासून रामानंद सागर यांचं 'रामायण' पुन्हा लावलं. घरात मी, आई, बाबा, आजी, आत्या आणि आत्याची मुलगी. मोबाइलला रेंज नाही, बाहेर जायचं नाही. मी पण टीव्हीसमोर बसायला लागलो.

आता मी 'गेम ऑफ थ्रोन्स' आणि 'रामायण' एका लेखात घेतोय हे आजीला कळलं असतं, तर तिनं मला काठीनं मारलं असतं. तिच्यासाठी ती गोष्ट नव्हतीच, घडलेलं होतं. पण शेवटावरून माणसं कशी भांडतात ते मला खरं तिच्याकडूनच कळलं, म्हणून लिहितो.

आजीनं ही मालिका पहिल्या वेळीही पाहिली होती. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत, रविवारी सकाळी. तेव्हा वाशिम जिल्हाच नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. गावात एकच टीव्ही, शाळेच्या मास्तरांकडे. बायका अंघोळी करून, टीव्हीला वाहायला फुलं घेऊन जायच्या. राज्याभिषेक झाला आणि मालिका संपली. पुढे 'उत्तर रामायण' सुरू झालं, पण तोवर मास्तरांची बदली झाली होती आणि टीव्ही त्यांच्यासोबत गेला होता. म्हणजे रामराज्य आलं, तिथंच आजीचा टीव्ही बंद पडला. सीतेचं पुढे काय झालं ते तिला कुणी दाखवलंच नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्याभिषेक झाला आणि रात्री 'उत्तर रामायण' सुरू होणार अशी पट्टी आली, तेव्हा ८० च्या पुढची आजी मला म्हणाली, "आता हाय खरं."

ते भाग ती जेवण आधी उरकून, पाटावर बसून पाहायची. मध्ये मध्ये पुढचं सांगायची. पाहिलेलं नसताना सांगायची, कारण जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास तिनं शेकडो वेळा गायला होता. मालिका तिच्या ओव्यांप्रमाणे चालतेय का, हे ती तपासत होती. बाबा कंटाळायचे. मला मजा वाटायची. हे आमचंच चाललं होतं की, पुस्तकात असं नव्हतं, पुस्तकात तसं होतं.

मेच्या सुरुवातीला शेवट आला. सीतेला सभेत बोलावलं जातं, पुन्हा एकदा शुद्धतेचा पुरावा मागितला जातो, धरणी दुभंगते, सीता तिच्यात जाते. घरात कुणी बोलेना. आई पदरानं डोळे पुसत होती. आजी मात्र वैतागलेली.

"रावेरी दाखवलीच नाई," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिचं माहेर राळेगावकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. त्याच तालुक्यात रावेरी गाव. तिथं सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. तिकडची माणसं सांगतात की टाकलेली सीता तिथं राहिली, तिथंच लव-कुश झाले. बाळंतीण सीता गावात पसाभर गहू मागायला गेली आणि गावानं दिला नाही. तेव्हा तिनं शाप दिला, की या गावात गहू पिकणार नाही. पुढे संकरित वाण येईपर्यंत तिथं गहू होत नव्हता म्हणतात. आजी लहानपणी त्या देवळात गेली होती. तेव्हा ते पडकं होतं. नंतर शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. बायकांच्या नावानं जमीन करून द्या, हे नवऱ्यांना सांगणारी लक्ष्मीमुक्तीची चळवळही त्यांचीच. त्यांना तेच देऊळ का दिसलं असेल, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

"थे काही फकस्त जमिनीत गेली नाई," आजी म्हणाली. "आधी थे जगली. दोन पोरं वाढवले. लोकायच्या दारात गेली. थे कोन दाखवन? टीव्हीवाले इकडं आलेच नाई."

मी म्हणालो, आजी, त्यांनी आश्रम दाखवला की, वाल्मीकींचा. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प बसलो. तिला आश्रम नको होता. तिला पसाभर गहू हवा होता, आणि तो कुणी नाकारला ते गाव नावानिशी हवं होतं.

आत्या तोवर काही बोलली नव्हती. आत्या आमच्याकडे राहते त्याला तेव्हा १८ वर्षं झाली होती. मुलगी दीड वर्षाची असताना तिच्या सासरच्यांनी तिला आणून सोडलं होतं. का, ते मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आठ-नऊ वर्षांनी तिकडून दोन माणसं आली होती, घेऊन जायला. मी तेव्हा शाळकरी होतो. मला फक्त एवढं आठवतं, की त्यांच्यासाठी पोहे केले होते आणि आत्या मागच्या दारानं वावरात निघून गेली होती, ती अंधार पडल्यावरच आली.

ती उठली, चुलीकडे जाता जाता म्हणाली, "बलावलं तवा वापस गेली नाई ना? मंग झालं. मले पटला शेवट."

बाबांनी चॅनल बदललं. बातम्यांत रुग्णांचे आकडे चालू होते.

त्या रात्री मला सॅमची आठवण झाली. पुढच्या काही दिवसांत मी रेंज मिळेल तिथं, म्हणजे गोठ्याच्या पत्र्यावर चढून, त्या १९८८ च्या शेवटाबद्दल वाचत बसलो. ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकावर मालिका संपली, ती संपण्याआधीच उत्तरेत गडबड सुरू झाली होती. स्वतःला वाल्मीकींचे वंशज मानणाऱ्या सफाई कामगारांनी जालंधरला संप केला, तो इतर शहरांत पसरला. मागणी एकच : गोष्ट इथं संपवू नका, पुढची दाखवा. पुढच्या गोष्टीत वाल्मीकी स्वतः येतात. सीतेला आसरा देतात, मुलांना शिकवतात. ज्यानं गोष्ट लिहिली त्यालाच गोष्टीतून बाहेर ठेवून ती संपवत होते. शहरांत कचऱ्याचे ढीग साचले, आणि सरकारनं मालिका वाढवायला मान्यता दिली. आजीच्या मास्तरांसोबत गेलेलं ते 'उत्तर रामायण' असं आलं होतं.

दहा लाख सह्यांनी एक भाग बदलला नाही. उलट त्या वर्षी सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी त्याच सीझनला मिळालं. इकडे झाडू खाली ठेवला आणि अख्खी नवी मालिका निघाली. पत्र्यावर बसून मला हसू आलं. सॅमला हे सांगायला हवं होतं, त्याच्या राज्यशास्त्राच्या पेपरला उपयोगी पडलं असतं.

आणि मग हेही डोक्यात आलं, की गच्चीवर सॅम मालिकेबद्दल जे म्हणत होता तेच मी त्याच्याशी केलं. माणूस सहा वर्षं चालत आलाय, दीड मार्क बाकी आहे, आणि त्याला सांगायचं की खोट तुझ्यातच होती, पहिल्यापासून होती. मुद्दे माझ्याकडे तयारच होते. त्या रात्री मी मालिकेची बाजू घेत नव्हतो. माझं दुसरं वर्ष चालू होतं आणि मला एवढंच हवं होतं, की इतका वेळ घातलेल्या गोष्टीचा शेवट बरोबरच असतो असं कुणीतरी म्हणावं. सॅम नाही म्हणत होता. म्हणून त्याला गप्प करायचं होतं.

तरी फोन केला नाही. मे गेला. मृग लागला, त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, सगळ्यांनी पेरलं. आणि मग जूनमध्ये राज्यभरातून ओरड सुरू झाली : सोयाबीन उगवलंच नाही. हजारो तक्रारी. आमच्याकडे चारातलं एक एकर कोरं राहिलं. बाबा रोज सकाळी तासातली माती उकरून बघायचे. दाणा कुजलेला असायचा.

एका दुपारी त्याचाच फोन आला. वर्षभरानं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुमच्याकडं उगवलं का बे?"

"तीन एकर उगवलं. एक गेलं. तुह्यं?"

"आठ पेरलं होतं. पाच नाही उगवलं. एकाच लॉटच्या पिशव्या."

मग तो अर्धा तास पिशव्यांची टॅगं, पंचनामा, कृषी सहायक, तालुक्याला दिलेला अर्ज यांबद्दल बोलला. अर्ज त्यानंच लिहिला होता, गावातल्या ४० जणांचा. कलमांसकट. मी म्हणालो, तुझ्या नोट्स कामाला आल्या. तो म्हणाला, हाव.

मग मी आजीचं सांगितलं. रावेरी, पसाभर गहू, टीव्हीवाले इकडे आलेच नाहीत. तो खूप हसला. मग विचारलं, "अन् आत्या काय म्हणे?" आत्याचं त्याला माहीत होतं. मी सांगितलं. त्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

"त्या रात्री मी जे बोललो ना," मी म्हणालो.

"सोड ना बे."

"नाही, ते..."

"मी सहाव्या सीझनपर्यंतच पाहतो आता," तो म्हणाला. "दोनदा पाहून झालं. ते जहाजं घेऊन निघते ना, समुद्रात, सगळे सोबत, तिथं बंद करतो. पुढचं मोबाइलमधी ठेवलंच नाही."

मी विचारलं, मग तुझ्या लेखी ती पोचलीच नाही? तो म्हणाला, निघाली ना. आणि लगेच म्हणाला, ठेवतो आता, पाऊस यायच्या आत दोन एकर तरी दुबार पेरून घ्यायचं आहे. बियाणं तुमच्याकडे कुणाकडे घरचं असलं तर पाहशील का, एखादी पिशवी?

बाबांना विचारलं. घरच्या सोयाबीनचं एक पोतं कोठीत होतं, मागच्या सालचं. रात्री १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उलगडून मोजले तर ७२ ला कोंब होते. दुसऱ्या दिवशी पोतं मोटरसायकलला बांधून मानोऱ्याकडे निघालो.